छावणीतील शाळा ते महाविद्यालयाची पदवी
शिपायाच्या विद्यार्जनाचा थोडा इतिहास

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे मातोश्री जिजाबाईंचे जन्मस्थान होय. तलवारीचा अभिमान या मातीस कोणी शिकवावा लागत नाही. गावातील मुलगा सैन्यात भरती झाला की त्याच्या गळ्यात हार पडतात, आईबापांचा सत्कार होतो आणि आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकातही त्याचे नाव अगत्याने छापले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु तोच मुलगा पंधरा-सतरा वर्षांची चाकरी करून परत आला म्हणजे त्याचे पुढे काय होते, याची विचारपूस आपण तितक्या अगत्याने करीत नाही. शिक्षक, तलाठी किंवा कारकून ज्या वयात आपल्या नोकरीच्या मध्यावर असतो, त्या पस्तिशी-चाळिशीच्या वयात शिपाई सेवामुक्त होतो. अंगात बळ असते, शिस्त असते, पदरी मुलेबाळे असतात. आणि हाती बहुधा शाळेचा एक जुना दाखला असतो.

या शिपायाला विद्या कोणी दिली, किती दिली, आणि ती महाविद्यालयाच्या दारापर्यंत केव्हा पोहोचली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो सलग स्वरूपात आपल्या वाचनात क्वचितच येतो. त्याची काही ठळक पाने ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, आणि त्यावरून आज आपले कर्तव्य कोणते ठरते ते सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या वऱ्हाडापासूनच आरंभ करू. फौज आणि वऱ्हाड यांचा संबंध फार जुना, पण विलक्षण आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली 'हैदराबाद कंटिंजंट' या नावाची एक फौज असे. तिचा पगार थकत गेला व निजामावर कर्जाचा बोजा चढला. तेव्हा १८५३ च्या तहान्वये, गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याच्या कारकिर्दीत, त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आला. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व तोफखान्याच्या चार तुकड्या एवढी फौज त्या तहाने ठरली होती. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर अशा छावण्यांत ती राहत असे. पुढे १९०२ च्या करारान्वये दरसाल २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि ती स्वतंत्र फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे आपल्या पूर्वजांनी काळ्या जमिनीत कपाशी व ज्वारी पिकवून जो सारा भरला, त्यातून एका फौजेचा पगार भागत होता. फौजेचा खर्च आपण सोसला; परंतु फौजेत जी विद्या मिळत असे, तिचा विचार वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मनास फारसा शिवला नाही.

ती विद्या मिळत होती मुख्यतः मुंबई इलाख्याच्या सैन्यात. कंपनी सरकारच्या काळापासून त्या सैन्याच्या पलटणींत शाळा असत. शिपायांच्या मुलांसाठी दिवसा वर्ग भरे व प्रौढ शिपायांसाठी रात्रीचा. मुलांबरोबर मुलींनाही तेथे शिकविले जाई, आणि शिक्षण सक्तीचे असे. ज्या काळी गावच्या पंतोजीच्या शाळेत अस्पृश्य मानलेल्या मुलाला पायरीही चढू देत नसत, त्या काळी छावणीच्या शाळेत महार शिपायाचा मुलगा पाटी घेऊन बसत होता. सरकारने हे काही धर्मबुद्धीने केले नव्हते. हुकूम वाचता यावा, हिशोब ठेवता यावा, निरोप लिहून पाठविता यावा, ही सैन्याची गरज होती. परंतु दिवा कोणी कोणत्या कारणाने लावला, याचा हिशोब प्रकाश ठेवीत नाही.

या शाळांचे सर्वांत थोर फळ कोणते, हे सांगावयास नकोच. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात असताना पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेऊन शिक्षक झाले व चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची पलटण महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. सेवानिवृत्तीनंतर सुभेदारांनी सातारा येथे बांधकाम खात्यात कोठावळ्याची नोकरी धरली. लेखन, वाचन व हिशोब यांत ते पारंगत असल्यामुळेच बंदूक खाली ठेवल्यावर लेखणी त्यांच्या हाती येऊ शकली. सैनिकाने नागरी जीवनात पाऊल टाकण्याचे आपल्या प्रांतातील हे एक जुने व उत्तम उदाहरण होय. त्यांनी पुत्राला इंग्रजी व मराठी स्वतः शिकविले. पुत्र १९०७ साली मॅट्रिक झाला, १९१२ साली मुंबई विद्यापीठाचा बी. ए. झाला, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

दुसरे उदाहरण गोपाळबाबा वलंगकर यांचे. हेही सैन्यातील हवालदार. १८८६ मध्ये निवृत्त होऊन ते कोकणात दापोली येथे स्थायिक झाले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. त्यांनी 'विटाळ विध्वंसक' हे पुस्तक लिहिले, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले, आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. छावणीत गिरविलेल्या अक्षरांचा उपयोग त्यांनी पेन्शनीत बसून पोथी वाचण्यापुरता केला नाही. ती अक्षरे त्यांनी समाजाच्या कामी लावली.

परंतु १८९२ च्या सुमारास सरकारने 'लढाऊ जाती' म्हणून एक खुळे तत्त्व उचलून धरले आणि महारांची सैन्यभरती बंद केली. भरती बंद झाली तसा केवळ पगार बंद झाला नाही. छावणीतील शाळा बंद झाली. निवृत्त शिपाई गावात जाऊन चार मुलांना मुळाक्षरे शिकवी, ती परंपराही आटली. म्हणूनच पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे भरती पुन्हा सुरू व्हावी याकरिता अर्जावर अर्ज केले, व १९१० मध्ये ही मागणी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. या अर्जांमागे पोटाचा प्रश्न होता तसा विद्येचाही होता. ज्या समाजाला शाळेचे दुसरे दार उघडे नव्हते, त्याचे एकमेव दार बंद झाले होते.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न निराळ्या स्वरूपात पुढे आणला. दहा लक्षांहून अधिक हिंदी माणसे त्या युद्धात समुद्रापार गेली. पुष्कळजण हात, पाय किंवा डोळे गमावून परत आले. अशा अपंग सैनिकांना पोटापुरता धंदा शिकवावा म्हणून १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने 'क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल' निघाले व पुढे ते पुण्याजवळ खडकी येथे नेण्यात आले. सैनिकाला नागरी जीवनासाठी तयार करणे हे सरकारचे व समाजाचे काम आहे, ही कल्पना महाराष्ट्रात संस्थेच्या रूपाने येथे प्रथम स्थिरावली असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ती कल्पना हातांच्या धंद्यापुरती होती. शिपाई महाविद्यालयात जाईल, असे स्वप्न कोणी पाहिले नव्हते.

त्याच सुमारास, म्हणजे १९२१ मध्ये, हिंदी सैन्यात शिक्षणाचे स्वतंत्र दल उभे राहिले. आज 'आर्मी एज्युकेशन कोअर' म्हणून जे दल ओळखले जाते, त्याचे महाविद्यालय व केंद्र सातपुड्यात पचमढी येथे आहे. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, आणि पचमढी ही त्या प्रांताची उन्हाळ्यातील राजधानी. तेव्हा लष्करी विद्येचे हे मोठे पीठ एका अर्थी आपल्याच जुन्या प्रांतात होते. सैन्यात शिक्षणाच्या चढत्या परीक्षा ठरल्या. बढती हवी तर प्रमाणपत्र हवे, असा नियम आला. हवालदार होऊ इच्छिणारा शिपाई रात्रीच्या कंदिलाखाली पुस्तक उघडू लागला. इंग्रजांच्या काळात हे शिक्षण बहुतांशी रोमन लिपीतील हिंदुस्थानीत चाले, ही मात्र मोठी विचित्र गोष्ट होती. रोमन लिपीत शिकलेल्या शिपायाला घरचे मराठी पत्र वाचण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागणे संभवनीय होते. विद्या ज्याच्यासाठी आहे त्याच्या भाषेत ती नसली, म्हणजे ती कशी अर्धी राहते, याचे हे उदाहरण आहे. स्वातंत्र्यानंतर देवनागरी लिपीतील हिंदी आली व हा दोष दूर झाला.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लक्ष होती. सक्तीच्या भरतीवाचून उभे राहिलेले एवढे मोठे सैन्य जगात दुसरे नव्हते. शांतता होताच यातील बहुतेकांना घरी धाडावयाचे होते. हाच प्रश्न त्याच वेळी अमेरिकेपुढेही होता; आणि त्या देशाने तो कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली, जो 'जी. आय. बिल' या नावाने प्रसिद्ध आहे. परत आलेल्या सैनिकाची महाविद्यालयाची फी सरकारने भरावयाची, पुस्तकांचा खर्च द्यावयाचा, शिवाय शिकत असेतो घरखर्चासाठी दरमहा रक्कम द्यावयाची, अशी त्यात तरतूद होती. सुमारे २२ लक्ष माजी सैनिक त्यायोगे महाविद्यालयांत व विद्यापीठांत गेले. १९४७ मध्ये तेथील महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. शेतमजुरांची व कामगारांची मुले इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षक झाली.

तथापि त्या चित्राला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील निग्रो म्हणून हिणविल्या जाणाऱ्या कृष्णवर्णी सैनिकांना गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे बंद होती, आणि त्यांच्यासाठी असलेल्या थोड्या महाविद्यालयांत जागा पुरत नव्हत्या. कायदा सर्वांसाठी एक होता. परंतु ज्याच्या गावी महाविद्यालय होते व ज्याची शाळा आधी पुरी झाली होती, त्याच्या पदरी तो अधिक पडला. सवलत कागदावर असणे व ती घरात येणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्या समाजासारख्या समाजांनी विशेष लक्षात ठेवावयास हवे.

आपल्या देशात त्या वेळी काय झाले? केंद्र सरकारच्या मजूर खात्याखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार यांचे एक महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून मोकळ्या झालेल्या माणसांना नागरी कामधंदा मिळवून द्यावा, हे त्याचे मूळ काम. आज आपण ज्याला सेवायोजन कार्यालय म्हणतो, त्या 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'चा उगम येथे आहे. ती कार्यालये प्रथम सैनिकांसाठी निघाली व १९४८ मध्ये सर्व बेकारांस खुली झाली. याच खात्याच्या प्रशिक्षणकार्यातून पुढे १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना व आपल्या तालुक्यांच्या गावी दिसणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. वायरमनचे किंवा फिटरचे प्रमाणपत्र घेणाऱ्या आपल्या मुलांना ही परंपरा ठाऊक नसते. आणि १९४५ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद कोण होते? छावणीच्या शाळेतील त्या सुभेदार-मुख्याध्यापकाचे पुत्र, डॉ. आंबेडकर. शिपायाच्या घरात जन्मलेल्या व लष्करी शाळेच्या पुण्याईवर वाढलेल्या पुरुषाच्या खात्याकडेच लक्षावधी शिपायांच्या पुनर्वसनाचे काम यावे, हा इतिहासाचा योग मनात भरण्यासारखा आहे.

पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याचे पहिले वर्ग मरीन लाइन्स येथे युद्धकाळात बांधलेल्या लष्करी बराकींत भरले. जेथे पलटणी राहत होत्या तेथे फळे लागले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्याची दृष्टीही तेथे होती. नोकरदाराने वयाची लाज न बाळगता महाविद्यालयात जावे, या विचाराची ही मोठी पायरी होय.

आपल्या भागाची स्थिती मात्र त्या वेळी बिकट होती. १९२३ मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले व त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील मुलाला उच्च शिक्षणासाठी नागपूर किंवा पुणे गाठावे लागे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने बहुजनांच्या मुलांसाठी शाळा व महाविद्यालये काढली. १९४७ मध्ये खामगावीही महाविद्यालय झाले. परंतु ही महाविद्यालये तरुण, मोकळ्या मुलांसाठी होती. चाळिशीच्या उंबरठ्यावरील, संसारी, पेन्शनीत निघालेला शिपाई अठरा वर्षांच्या पोरांच्या बाकावर कसा बसणार? आणि सैन्यात असतानाच शिकेन म्हणावे, तर आज काश्मीर, उद्या आसाम, परवा राजस्थान. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्याला हजेरीपटावर धरून ठेवणारे महाविद्यालय कोठून आणावे? अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांना दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळू लागली. जवान मात्र पदवीवाचूनच घरी येत राहिला. देशातून दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक निवृत्त होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळते.

सरकारने यावर एक तोड काढली. १९७९ च्या नियमांनी केंद्राच्या नागरी नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी 'क' वर्गात शेकडा १० व 'ड' वर्गात शेकडा २० जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्र राज्यानेही आपल्या नोकऱ्यांत शेकडा १५ जागा राखल्या. पुढे केंद्राच्या नियमांत अशी भर पडली की, ज्याने किमान १५ वर्षे सैन्यात सेवा केली आहे व जो मॅट्रिक आहे, किंवा ज्याच्याजवळ सैन्याचे तत्सम विशेष प्रमाणपत्र आहे, त्याला 'क' वर्गातील ज्या राखीव जागेस पदवी लागते त्या जागेसही पात्र धरावे. मात्र ते काम तांत्रिक ज्ञानाचे नसावे. ही सवलत मोलाची आहे व तिचा लाभ अनेकांनी घेतला.

परंतु येथेच एक गैरसमज होतो, तो स्पष्ट केला पाहिजे. 'पदवीधरास योग्य असलेल्या जागेस पात्र' होणे निराळे, आणि पदवीधर होणे निराळे. त्या नियमाने एका विशिष्ट वर्गातील विशिष्ट जागांचे दार उघडते. राज्यसेवेच्या परीक्षेस बसण्यास, बी. एड. करून शिक्षक होण्यास, वकिली शिकण्यास किंवा बँकेत अधिकारी होण्यास खरी पदवीच लागते. ज्याच्याजवळ ती नाही, तो शिस्तीने व कर्तबगारीने कितीही मोठा असला तरी बहुधा बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर पुन्हा बंदूकच घेऊन उभा राहतो. ते काम हलके आहे असे मी म्हणत नाही. प्रामाणिकपणे केलेले कोणतेच काम हलके नसते. पण ज्याने सीमेवर चाळीस माणसे सांभाळली, त्याच्यापुढे याहून दुसरा पर्याय असू नये, हे मनाला पटत नाही.

खरी वाट निघाली ती मुक्त विद्यापीठांमुळे. १९८५ मध्ये दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. हजेरीपटाची अट गेली. पुस्तके घरी, किंबहुना बराकीत येऊ लागली. ज्याची बारावी झालेली नाही अशासही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीच्या शिक्षणास प्रवेश घेण्याची वाट नाशिकच्या विद्यापीठाने दाखविली. ज्या यशवंतरावांच्या नावाने हे विद्यापीठ आहे, ते १९६२ ते १९६६ या काळात देशाचे संरक्षणमंत्री होते. चिनी आक्रमणाच्या कठीण प्रसंगी सैन्याची धुरा वाहणाऱ्या नेत्याच्या नावाचे विद्यापीठ जवानाला बदलीच्या ठिकाणीही उपयोगी पडावे, हे उचितच झाले. १९९३ मध्ये सैन्यातील मंडळी व त्यांचे कुटुंबीय यांना डोळ्यांपुढे ठेवून पुण्यात खडकी येथे व्यवस्थापनशास्त्राची 'सिंबायोसिस' संस्थाही निघाली. ज्या खडकीत एकेकाळी अपंग शिपायाला हातांचे धंदे शिकविले जात, तेथेच आता सैनिकांच्या घरच्यांसाठी व्यवस्थापनाची पदव्युत्तर विद्या आली.

याहून महत्त्वाचे पाऊल २००९ मध्ये पडले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ व भारतीय सेना यांनी 'ज्ञानदीप' नावाचा उपक्रम करारान्वये हाती घेतला. त्यातील मुख्य तत्त्व असे की, शिपाई सैन्यात जे प्रशिक्षण घेतो, मग ते यंत्रे दुरुस्त करण्याचे असो, संदेशवहनाचे असो, भांडाराच्या हिशोबाचे असो, त्याला शैक्षणिक मोल आहे, आणि ते मोल पदवीच्या शिक्षणात धरले जावे. हे तत्त्व वरवर साधे दिसते. पण त्याने शंभर वर्षांची जुनी समजूत उलटी केली. पूर्वी सैन्य शिपायाला सैन्याच्या गरजेपुरते शिकवी व निवृत्तीच्या दिवशी ते शिकणे जणू गणवेशाबरोबर जमा करून घेई. आता त्या शिकण्याची नोंद घेऊन ते त्याच्याबरोबर घरी पाठविण्याचा विचार सुरू झाला.

आता आजच्या पिढीविषयी. १४ जून २०२२ रोजी 'अग्निपथ' योजना जाहीर झाली. तीनुसार तरुण चार वर्षांसाठी 'अग्निवीर' म्हणून भरती होतो. त्यांपैकी शेकडा २५ पर्यंत पुढे कायम होतात व बाकीचे सुमारे ११ लक्ष ७१ हजार रुपयांची 'सेवानिधी' घेऊन घरी येतात. त्या वेळी जाहीर झालेल्या अटींत निवृत्तिवेतन नाही व माजी सैनिकाचा दर्जाही नाही. योजना चांगली की वाईट, याचा वाद मोठमोठे लोक करीत आहेत. त्यात मी पडत नाही. परंतु एक गोष्ट हिशोबाची आहे. वर सांगितलेली 'मॅट्रिक अधिक १५ वर्षांची सेवा' ही सवलत चार वर्षे सेवा करणाऱ्यास कशी लागू पडणार? जुन्या शिपायाला ज्या काठीचा आधार होता, ती काठी या मुलाच्या हाती नाही. त्याला खरीखुरी पदवीच मिळविली पाहिजे.

याची जाणीव सरकारलाही झाली. त्याच जून महिन्यात शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांचा खास पदवी अभ्यासक्रम इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठामार्फत जाहीर केला. पदवीचे निम्मे श्रेयांक सैन्यातील प्रशिक्षणाबद्दल व निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, शेती, पर्यटन अशा निवडलेल्या विषयांच्या अभ्यासाबद्दल, अशी त्याची रचना ठरली. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळावे, अशीही व्यवस्था जाहीर झाली. पुण्याच्या नॉर्मल स्कूलपासून निघालेली वाट येथे येऊन पोहोचली आहे.

आपल्या जिल्ह्याला ही योजना परकी नाही. बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या हिमभूमीवर कर्तव्य बजावीत असताना प्राण ठेवला. त्या रणभूमीवर कर्तव्यात देह ठेवणारे ते पहिले अग्निवीर होत. त्यांच्या स्मृतीस वंदन करताना आपण केवळ डोळे पुसून थांबू नये. त्यांच्याबरोबर भरती झालेले, त्यांच्याच वयाचे मुलगे आपल्या गावागावांत आहेत. २०२२ च्या अखेरीस रुजू झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. बावीस ते पंचवीस वर्षांचे हे तरुण हाती मोठी रक्कम घेऊन घरी येतील. ती रक्कम घराच्या स्लॅबला, बहिणीच्या लग्नाला, मोटरसायकलला व जमिनीच्या कज्जाला पुरेशी वाटेल. दोन वर्षांत ती संपेलही. पदवी मात्र कोणी वाटून घेऊ शकत नाही व कोणी उसनी मागू शकत नाही.

वरील इतिहासातून एक गोष्ट ठळक दिसते. सुभेदार रामजी सेवेत असतानाच शिकले, म्हणून निवृत्तीनंतर त्यांना काम शोधता आले. ज्याने निवृत्तीच्या दिवशी पुस्तक शोधावयास आरंभ केला, त्याच्या वाट्याला ते क्वचित आले. म्हणून भरतीच्या हाराबरोबरच मुलाच्या हाती पदवीच्या प्रवेशाचा अर्ज दिला पाहिजे. विद्या गणवेशात असतानाच सुरू झाली पाहिजे, हेच या सर्व कथेचे सार आहे.

याकरिता आपले मंडळ काय करू शकेल? फार पैसा लागेल असे काही मी सुचवीत नाही. पहिली गोष्ट कागदपत्रांची. शाळेत आयुष्य घालविलेला माणूस म्हणून सांगतो, सुट्टीवर आलेला जवान शाळेच्या कचेरीत येतो तो बहुधा दाखल्यातील चुकीसाठी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लष्करी कागदात दुसरे. वडिलांच्या नावात फरक, जन्मतारखेत फरक. सुट्टी पंधरा-वीस दिवसांची. त्यातले आठ दिवस मुख्याध्यापकाच्या व तहसीलीच्या दारात जातात, आणि प्रवेशाची मुदत टळून जाते. मंडळाने तालुकावार एकेक निवृत्त शिक्षक वा कारकून नेमून भरतीपूर्वीच मुलांचे दाखले, गुणपत्रिका व नावे तपासून द्यावीत. दुसरी गोष्ट नोंदीची. आपल्या समाजातील सैन्यात असलेल्या मुलांची यादी करावी, आणि प्रत्येकाने कोठे नाव घातले, कोणता विषय घेतला, किती परीक्षा झाल्या, याची विचारपूस दरवर्षी पत्राने किंवा दूरध्वनीने करावी. तिसरी गोष्ट मार्गदर्शनाची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सवलती, राखीव जागा व स्पर्धा परीक्षा यांची माहिती वर्षातून एकदा मेळाव्यात द्यावी. आणि ती देण्यासाठी जे माजी सैनिक आज नागरी नोकरीत स्थिरावले आहेत त्यांनाच बोलवावे. चौथी गोष्ट सन्मानाची. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपण करतो. त्याच व्यासपीठावर सेवेत राहून पदवी मिळविलेल्या जवानाला व त्याच्या पत्नीला बसवावे. तो सीमेवर पुस्तक वाचीत असतो तेव्हा घर ती सांभाळीत असते.

छावणीच्या शाळेत एका शिपायाने पाटी धरली, त्यातून एका घराचे व पुढे कोट्यवधींचे भाग्य पालटले. आपल्या घराघरांतून जे मुलगे आज गणवेशात आहेत, त्यांतील प्रत्येक मुलगा तेवढा मोठा होईल असे नाही. परंतु प्रत्येकजण पदवीधर होऊन, ताठ मानेने, आपल्या पसंतीच्या कामावर रुजू होऊ शकेल, एवढे आपल्या हाती आहे. ते काम मंडळाने याच वर्षी हाती घ्यावे, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.